आवाज बंद करून पाहिलेलं लग्न

इस्लामपुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, शाळांची स्नेहसंमेलनं, बारशी अशी कामं चालू असतात, पण पोट भरतं ते लग्नांवर. वीस वर्षं मी वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यातल्या लग्नांची शूटिंग करतो आहे. हंगामात एका दिवशी दोन-दोन लग्नं असतात, त्यामुळं नवरा-नवरी लक्षात राहत नाहीत. ती दुकानात आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही.

दुपारची वेळ होती. पस्तिशीच्या आतली बाई, हातात ब्लाऊजपिसांची पिशवी. काउंटरपाशी उभी राहून म्हणाली, "दादा, आमच्या लग्नाची शूटिंग तुमीच केलती. त्येची कॉपी मिळंल का? आमची सीडी सासरी ऱ्हायली."

मी साल विचारलं, कार्यालय विचारलं. जुन्या हार्ड डिस्क मी टाकून देत नाही, कपाटात पडलेल्या असतात. शोधताना बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मिस्टरांच्या मोबाइलवर पाठवू का?"

"ते न्हाईत. दोन वर्सं झाली."

नवरा मेढ्याकडचा होता, जीप चालवायचा. काविळीनं गेला. ती माहेरी भावाकडं येऊन शिलाई करत होती. नऊ वर्षांची मुलगी सासरी होती. शाळेचं वर्ष पुरं होऊ दे, मग ने, असं सासू म्हणाली होती. वर्ष पुरं झालं, तरी मुलगी तिथंच राहिली. सणाला, सुट्टीला चार दिवस येऊन जायची.

फाइल सापडली तेव्हा तिनं विचारलं, "हितंच बघू का जरा? घरात समदी असत्यात."

मी स्टूल दिलं आणि व्हिडिओ लावला. लग्नाच्या व्हिडिओवर आम्ही सिनेमातली गाणी चढवतो. पहिलं गाणं सुरू झालं तसं तिनं तोंड फिरवलं. "आवाज बंद करता का?"

मी आवाज बंद केला. मग ती बोलायला लागली. माझ्याशी नाही, पडद्याशीच.

"ह्या आत्या. म्हंजी माझ्या सासूबाई. बघा कशा हसत्यात, ओटी भरताना नारळ पडला म्हणून. हे मामंजी. हे बी गेले, ह्यांच्या आदी तीन वर्सं. आत्यांनी माझ्या हातात चुडा भरला तवा म्हणल्या, हात लय मऊ हाय पोरीचा, कामाचा दिसत न्हाई. दहाव्याला त्येच हातातल्या बांगड्या फोडल्या त्यांनीच. ओढ्याच्या कडंला दगूड हुता, त्येच्यावर हात ठेवला माझा. काच रुतली हितं."

तिनं मनगट उलटं करून पाहिलं. मलाही दिसलं, लहानसा पांढरा व्रण होता. पडद्यावर माणसं जेवत होती, नवरा तिला जिलेबी भरवत होता. तासाभराचा व्हिडिओ तिनं असा बोलत पाहिला. गिऱ्हाइकं आली तरी ती थांबली नाही, आणि आलेली दोन माणसं फोटो न काढताच उभी राहून ऐकत होती.

ती गेल्यावर माझं कामात लक्ष लागेना. मी शूटिंगचं काम शिकलो तेव्हा उस्तादांनी पहिल्या हंगामातच सांगितलं होतं की, एडिटिंग करताना विधवा बायका काढायच्या. तसं कुणी लिहून देत नाही. घरातला एखादा काका, मामा दुकानात येतो, हळूच म्हणतो, "ती मागं उभी हाय न्हवं, तेवढी घेऊ नका." मी कधी कारण विचारलं नाही. अक्षता पडताना खांबाआड उभी असलेली बाई, मुलीला डोळ्यांनी ओवाळणारी, कापायला दोन सेकंद लागतात. कापलेलं फुटेज मात्र मूळ डिस्कमध्ये तसंच राहतं.

दोन आठवड्यांनी ती पेन ड्राइव्ह न्यायला आली, तेव्हा मी तिला म्हणालो, "ताई, ते तुम्ही बोललात ना, ते लोकांनी ऐकलं पाहिजे. मी फिल्म करतो, तुम्ही त्यावर बोला."

"कशाला? सासरच्या गावात ठराव झालाय की. पंचायतीच्या भिंतीवर लिवलंय, विधवा प्रथा बंद म्हणून."

"मग बंद झाली?"

ती हसली नाही. "त्येच भिंतीखालनं मला दहाव्याला नेली," म्हणाली, आणि गेली.

पुढं महिनाभर मी ते बोलणं काढलं नाही. एक दिवस तीच आली. म्हणाली, "करू. पर माझा आवाज भरून घ्यायचा न्हाई. मी सोता हुबी ऱ्हाऊन बोलणार, दर येळंला."

मी म्हणालो, रेकॉर्ड केलं तर सोपं पडेल, चूक होणार नाही.

"तुमी कापता," ती म्हणाली. "माझं बोलणं कापायला मिळणार न्हाई तुमाला."

मी तिची अट मान्य केली.

फिल्म करायला तीन महिने लागले. मी जुन्या डिस्कमधल्या, काढून टाकलेल्या बायका गोळा करायला लागलो. ज्या घरांशी ओळख होती तिथं जाऊन विचारायचो, परवानगी घ्यायचो. बऱ्याच जणांनी दारातूनच वाटेला लावलं. काही म्हाताऱ्या स्वतः म्हणाल्या, दाखव, आता कुणाला भ्यायचं. ज्यांनी नको म्हटलं त्या फिल्ममध्ये आल्या नाहीत.

या शोधात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. ते मीच शूट केलं होतं. वडील तेव्हा गेलेले होते. कन्यादानाला काका-काकू बसले होते आणि आई कार्यालयाच्या स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला धरून उभी होती. मंगलाष्टकं चालू असताना तिचे ओठ हलत होते. पूर्ण पाच मिनिटं कॅमेरा तिच्यावर होता. म्हणजे मी तिला बघत होतो. आणि नंतर काकांनी सांगितल्यावर मीच ते काढलं होतं. बहिणीच्या घरी आजही जो अल्बम आणि व्हिडिओ आहे, त्यात आमची आई नाही.

मी आईला ते दाखवलं. तिला मोतीबिंदू झालेला, स्क्रीनच्या अगदी जवळ बसली. मग म्हणाली, "माझं काढून टाक ह्यातनं."

मी म्हणालो, आई, ह्याच्यासाठीच तर सगळं करतोय. लोकांना कळायला पाहिजे तुझ्यावर काय झालं ते.

"तवा तू मला इचारलं न्हाईस. आता इचारतोयस न्हवं? मग माझं ऐक."

"पण का?"

"लेकीच्या लग्नात मी दारात हुबी हुते, हे हजार लोकांनी बघून मला काय मिळणार हाय?"

मी तिचं ऐकलं. आईला मी दुसऱ्यांदा कापलं. फिल्म बावीस मिनिटांची झाली, संगीत नाही, आवाज नाही, आणि माझ्या मते तिच्यातलं सगळ्यात चांगलं दृश्य तिच्यात नाही.

पहिला प्रयोग कुंडलजवळच्या एका गावात, बचत गटाच्या हॉलमध्ये झाला. माझा एक जुना मित्र मंडप आणि स्पीकर भाड्यानं देतो, त्यानं पडदा, प्रोजेक्टर टेम्पोत घातला. हॉलला खिडक्या मोठ्या, दुपारचं ऊन आत येत होतं, म्हणून त्यानं खिडक्यांवर सतरंज्या बांधल्या. आत साठ-सत्तर बायका, उकाडा, आणि पडद्याच्या डाव्या अंगाला ही उभी. हिरवं लुगडं, कपाळावर टिकली, हातात माईक.

पडद्यावर तिचं लग्न सुरू झालं आणि ती बोलू लागली. दुकानात बोलली होती तसंच, सावकाश, एकेका माणसाची ओळख करून देत. मग पडद्यावर दुसऱ्या लग्नातल्या बायका आल्या, खांबाआडच्या, जिन्यातल्या, पंगतीत उलट्या तोंडानं बसलेल्या. त्यांचीही ती ओळख करून देत होती. नाव सांगायची नाही. "ही नवरीची आई. हिनं लेकीचा शालू पसंत केला, रुखवत केलं, लाडू वळले. आता ही हितं हाय, कारण नवरीला हिची सावली नको."

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, फसलं. मग मागची एक बाई उठून खिडकीची सतरंजी सोडायला लागली आणि सोडता सोडता तिथंच भिंतीला डोकं टेकून रडायला लागली. बाकीच्या बसून राहिल्या. एक म्हातारी पुढं आली, तिनं हिच्या टिकलीला बोट लावलं आणि विचारलं, "सासरी असताना बी लावतीस का गं?"

"न्हाई आजी. तिकडं न्हाई लावत," ती म्हणाली.

परत येताना टेम्पोत मित्र म्हणाला, "आमच्या आम्मीला बी अब्बा गेल्यावर कुणी लग्नात पुढं बसवली न्हाई. तिनं कदी बोलून दाखवलं न्हाई." पुढच्या प्रत्येक प्रयोगाला तो आला.

सात प्रयोग झाले. गावांतले हॉल, एका शाळेचा वर्ग, साताऱ्यातलं एक महाविद्यालय. प्रत्येक वेळी तिचं बोलणं थोडं बदलायचं. साताऱ्यात मुलांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तिथल्या प्राध्यापकांनी माझा हात हातात घेतला, पेपरात आतल्या पानावर फोटो आला. त्यात ती पडद्याच्या उजेडात उभी आहे आणि कडेला मी लॅपटॉपशी. ते कात्रण मी दुकानात लावलं. मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं काढणारा माणूस मी, आणि कुणीतरी मला कलावंत म्हणालं होतं.

साताऱ्याच्या प्रयोगाला मेढ्याचे एक शिक्षक आले होते. त्यांनी तिथं बोलावलं. ती लगेच म्हणाली, "तिकडं नको."

"तिथंच तर पाहिजे," मी म्हणालो. "इकडं टाळ्या घेऊन काय उपयोग? ज्या भागात झालं तिथं बोललात तर खरं."

"पोरगी हाय तिकडं, दादा."

"ती मोठी होईल तेव्हा तिला अभिमान वाटेल."

हे वाक्य मी बोललो. मला त्या मुलीबद्दल काही माहीत नव्हतं, तिला मी पाहिलंही नव्हतं. आठवडाभरानं मी तिच्या आईला परत विचारलं, आणि ती हो म्हणाली.

मेढ्याला गर्दी चांगली जमली. बाप्येही होते. आम्ही सुरुवात केली आणि पाचेक मिनिटांनी दारातून एक म्हातारी आत आली, चपला हातात घेऊन. मागं भिंतीशी बसली. मी तिला ओळखलं. पडद्यावर त्याच क्षणी ती बारा वर्षांनी तरुण होती आणि नारळ पडला म्हणून हसत होती.

हिनंही पाहिलं. मला वाटलं, ती दहाव्याचा भाग गाळेल. तिनं गाळला नाही. ओढा, दगड, काच, सगळं सांगितलं. सासूचं नाव घेतलं नाही, पण पडद्याकडं हात करून "ह्यांनी" म्हणाली.

म्हातारी उठली. भांडायच्या आवाजात नाही, दुकानात काही मागावं तशा आवाजात म्हणाली, "मी फोडल्या. व्हय. रांडवंच्या बांगड्या रांडवंनंच फोडायच्या असत्यात, मला पुढं केली भावकीनं. पर तीन वर्सं आदी माझ्या फोडल्या, ते बी सांग की. मी हात मागं घेत हुते. माझा हात दगडावर कुणी धरला हुता?"

कुणाचे तरी मोबाइल वर झालेले मला दिसले.

"सांग की त्यास्नी. इतकं सांगतीस ते."

पडद्यावर बायका येत-जात होत्या. ही माईक धरून उभी होती. माझं बोट कीबोर्डवर होतं, फिल्म थांबवावी की नको ते मला कळेना. शेवटी ती म्हणाली, "मी धरला हुता, आत्या."

"मग झालं तर," म्हातारी म्हणाली. चपला उचलल्या आणि निघून गेली.

हिनं माईक खाली ठेवला आणि बाजूच्या बाकावर बसली. उरलेली फिल्म बोलण्याशिवाय चालली. नऊ मिनिटं. लोक बसून बघत होते, कुणाला काही उमजत नसावं. ती नऊ मिनिटं माझ्या आयुष्यातली फार लांब होती.

परतीच्या वाटेवर तिनं एकदाच तोंड उघडलं. "मामंजी गेले तवा भावकीतल्या बायका म्हणल्या, सूनबाई, तू धर, तुझं ऐकतील त्या. मी धरला. मला वाटलं, मी धरला तर कमी लागंल. खरंच तसं वाटलं हुतं, दादा. मग मी सोताला सांगितलं, ते सांगायची गरज न्हाई."

मी म्हणालो, आता पुढच्या प्रयोगात ते घाला, त्यानं गोष्ट आणखी खरी होईल. आजही हे आठवलं की मला माझीच लाज वाटते.

पुढचा प्रयोग झाला नाही. मोबाइलवर काढलेला तो तुकडा चार दिवसांत सगळीकडं गेला. त्यात आमची फिल्म नव्हती. फक्त दोन बायका आणि एकीचा हात दुसरीनं धरल्याची कबुली. खाली लोकांनी हसण्याची चिन्हं टाकली होती. मुलीच्या शाळेत ते पोचलं. तुझी आई आणि आजी पिक्चरमध्ये भांडल्या, असं पोरं चिडवायला लागली. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी आली नाही.

मी सासरी जाऊन बोलून येतो, असं म्हणालो. तिनं मला अडवलंही नाही, जा असंही म्हटलं नाही. मेढ्याहून पुढं डोंगराच्या कुशीत ते गाव. म्हातारीनं मला ओळखलं, ओसरीवर बसवलं, चहा दिला. मी माफी मागितली. चूक माझी आहे, ताई यायला तयार नव्हत्या, मीच आग्रह केला, असं सगळं सांगितलं. पोरीला आईपासून तोडू नका म्हणालो.

"मी कशाला तोडू?" ती म्हणाली. "मी जा म्हणलं तिला. पिशवी भरून दिली. ती जाईना. तुमीच इचारा."

मुलगी आतल्या दाराशी उभी होती. आईसारखाच चेहरा, कपाळ मोठं. मी विचारलं, "बाळा, आईकडं येतीस का?"

"मला न्हाई यायचं," ती म्हणाली. "ती सगळ्यांपुढं सांगती." आणि आत गेली.

मी परत येऊन ते तसंच्या तसं तिच्या आईला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, मला अजून ठरवता येत नाही. ती मशीनवर बसली होती. पायडलवरचा पाय थांबला, मग परत चालू झाला.

त्या हिवाळ्यात आणखी दोन-तीन ठिकाणांहून बोलावणी आली. एका संस्थेनं सुचवलं, दुसरी मुलगी तिचं बोलणं पाठ करून म्हणेल. मी नाही म्हणालो. तिनं कधी काही लिहून ठेवलेलंच नव्हतं, आणि असतं तरी मी दिलं नसतं. फिल्म डिस्कमध्ये आहे. तिच्याशिवाय लावली तर ती नुसती लग्नं दिसतात.

उन्हाळ्यात म्हातारी गोठ्यात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. घरात ती आणि दहा वर्षांची नात, दुसरं कुणी नाही. ही मशीन घेऊन तिकडं गेली. भाऊ म्हणाला, चार महिन्यांत परत येईल. ती आली नाही.

गेल्या मार्चमध्ये एका लग्नाच्या ऑर्डरसाठी मला मेढ्याला जायचं होतं, तेव्हा मी मुद्दाम त्या गावी गेलो. ती ओसरीवर फॉल लावत बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. म्हातारी आत खाटेवर होती, तिला आता उठवून बसवावं लागतं.

मी बघतोय हे तिच्या ध्यानात आलं. "हितं तसं चालत न्हाई, ठावं हाय तुमाला," ती म्हणाली. "ठराव केलेला बी आता पुसट झालाय भिंतीवरचा. आमी दोघी एकमेकींला काय बोलत न्हाई त्यावर. मी त्यांस्नी न्हाऊ घालती, त्या पाठ पुढं करत्यात."

"परत कधी बोलावंसं वाटतं का?"

तिनं दोरा दातानं तोडला. "बोलले तेवढं खरं हुतं, दादा. न्हाई बोलले ते बी. आता कुठलं कुठं ठेवू?"

"आणि मुलगी?"

"माझ्याशेजारी झोपती. शाळंतलं काय सांगत न्हाई. इचारलं तर म्हणती, तू लोकास्नी सांगशील."

तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. मला पाहून दारातच थांबली. हिनं तिला पाणी आणायला सांगितलं. तिनं तांब्या-भांडं आणून माझ्यापुढं ठेवलं, माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या बॅगेकडं एकदा बघितलं आणि वह्या घेऊन आत आजीच्या खाटेवर जाऊन बसली. आईकडं तिनं पाहिलं नाही. मी पाणी प्यालो आणि साताऱ्याची गाडी चुकेल म्हणून उठलो.